खरेदीखताचा ‘उक्ता’ खर्च

अमरावती किंवा अकोल्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात घर, भूखंड अथवा शेतजमीन विकत घ्यायला आलेल्या माणसाने खर्चाची चौकशी केली, तर त्याला बहुधा एकच आकडा ऐकू येतो. त्या आकड्यात मुद्रांक शुल्क असते, नोंदणी फी असते, दस्त लिहिण्याचा मेहनताना असतो, वकिलाने कागद पाहिले असतील तर त्याची फी असते, आणि ज्याला नाव नाही असाही एक हिस्सा पुष्कळदा असतो. “तरी किती लागन भाऊ, सांगून द्या नं,” असे विचारणाऱ्याला “तुमी काहून चिंता करता? समदं आमच्यावर सोडा,” असे आपुलकीचे उत्तर मिळते. आयुष्याची कमाई एका कागदावर ओतायला निघालेला माणूस या आपुलकीने निश्चिंत होतो, आणि उक्त्यात सौदा ठरतो.

अशा प्रत्येक सौद्यात कोणी कोणाला फसवतेच असे नव्हे. पिढीजात अर्जनवीसांमध्ये गावोगावच्या शेतांच्या चतुःसीमा आणि घराण्यांच्या वाटण्या तोंडपाठ असणारी प्रामाणिक माणसे आहेत, आणि त्यांचा मोबदला शहरातल्या कोणत्याही जाणकाराच्या मोबदल्यापेक्षा कमीच भरेल. दोष उक्तेपणाचा आहे. फी वाजवी की अवाजवी हा वाद फी किती होती हे कळल्यानंतरचा. येथे तेच कळत नाही. पुढे एखादी रक्कम खटकली तरी पक्षकाराच्या हाती बोट ठेवण्याजोगी ओळच नसते.

मुंबईच्या वाचकाला या प्रश्नाचे दुसरे रूप परिचित आहे. तेथे मालमत्तेची कागदपत्रे पाहणारा, मसुदा करणारा आणि व्यवहार तडीस नेणारा सॉलिसिटर नावाचा स्वतंत्र वर्ग इंग्रजी अमदानीत निर्माण झाला. त्याच्या बिलाबद्दल तक्रार असेल, तर ते तपासण्यासाठी उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत टॅक्सिंग मास्टर नावाचा अधिकारी असे. वकिली कायद्याच्या १९७६ सालच्या दुरुस्तीने हा वेगळा वर्ग १ जानेवारी १९७७ पासून कायद्यापुरता संपला. नाव आणि प्रतिष्ठा मात्र उरली. वऱ्हाडची वाट निराळी. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेलेला हा मुलूख सॉलिसिटर कधी पाहू शकला नाही. येथे न्यायालयात वकील उभा राहिला आणि दस्ताशी अर्जनवीस बसला. वकिलांचा दबदबा तर केवढा! १८९७ चे काँग्रेस अधिवेशन अमरावतीत भरले तेव्हा स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे होते, आणि १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले रंगनाथ नरसिंह मुधोळकर अमरावतीच्याच वकिलीतले. परंतु हे तेज खटल्यांचे होते. खरेदीखताच्या टेबलाशी बसलेल्या पक्षकाराचे बिल तपासून देणारा कोणी अधिकारी वऱ्हाडने पाहिला नाही.

सरकारचा हिस्सा आणि खाजगी हिस्सा

वस्तुतः सरकारी खर्चाबाबत कायदा फार जुन्या काळापासून दक्ष आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या ७९ व्या कलमाने नोंदणी फीचा तक्ता राजपत्रात प्रसिद्ध करण्याची आणि त्याची प्रत इंग्रजीत व जिल्ह्याच्या भाषेत प्रत्येक नोंदणी कार्यालयात लोकांना दिसेल अशी लावण्याची सक्ती केली आहे. मुद्रांक शुल्क किती पडेल, हे मालमत्ता कोठे आहे आणि खरेदीदार कोण आहे यावर अवलंबून असते. ठरलेली किंमत आणि शासनाच्या वार्षिक दर विवरणपत्रानुसार येणारे बाजारमूल्य, यांपैकी जे अधिक असेल त्यावर ते मोजले जाते. नोंदणी फी शेकडा एक रुपया आणि कमाल ३०,००० रुपये. दोन्ही रकमा ऑनलाइन चलनाने भरता येतात आणि दोन्हींची पावती मिळते. म्हणजे उक्त्या आकड्यातला मोठा भाग पैशापैशाने पडताळून पाहता येण्याजोगा आहे. चलन आणि पावती समोर ठेवून वजाबाकी केली की जे उरते ते खाजगी हातांत गेलेले असते. एवढी वजाबाकी करणारे खरेदीदार किती निघतील?

कमाल मर्यादेच्या त्या आकड्यापाशी क्षणभर थांबण्यासारखे आहे. तीस लाखांच्या घराची नोंदणी फी ३०,००० आणि साठ लाखांच्या घराचीही ३०,०००, कारण पुस्तकात नोंद घेण्याचे श्रम दोन्ही घरांना सारखेच. उलट दस्ताची फी जेथे व्यवहाराच्या टक्केवारीवर सांगितली जाते तेथे साठ लाखांच्या घराला ती दुप्पट होते. मसुदा तोच, पाने तेवढीच, चतुःसीमेच्या ओळी चारच. सरकार जेथे थांबते तेथे लेखणीने का थांबू नये, हे टक्केवारी सांगणाऱ्याला विचारावे. टक्केवारी घेणे बेकायदा आहे असे नाही. फलनिष्पत्तीवर फी ठरवण्याची वकिलांना असलेली मनाई न्यायालयीन दाव्यांपुरती आहे; दाव्यात मिळालेल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून मागणे गैर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली बी. सुनीता यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. खरेदीखताची टक्केवारी तिच्या कक्षेत येत नाही. ती कायद्यात बसते, तर्कात बसत नाही.

ज्या इंग्लंडातून सॉलिसिटर आला तेथेही मालमत्तेच्या किमतीवर ठरणाऱ्या फीची कोष्टके १९७३ च्या आरंभी रद्द झाली. पुढे २०१८ च्या डिसेंबरपासून घरखरेदीचे काम करणाऱ्या सॉलिसिटरांना आपली फी, तीत काय समाविष्ट आहे आणि बाहेरचा खर्च कोणता, हे आधीच जाहीर करणे बंधनकारक झाले. फी किती असावी याचे बंधन नाही. ती सांगावी, एवढेच बंधन. १९७४ च्या तेथील कायद्यानुसार बिल हाती पडल्यापासून महिन्याच्या आत न्यायालयाकडून त्याची तपासणी करून मागण्याचा पक्षकाराला हक्कही आहे.

आपल्याकडे १९२६ च्या वकील-फी कायद्याने हा विषय वकील आणि पक्षकार यांच्या आपसांतल्या करारावर सोपवला. करारावर सोपवणे यात गैर काही नाही. पण करार तोंडी आणि उक्ता असला की त्यात करारपणा उरत नाही. विशेष हे, की वकिलांपुरता तरी हा उक्तेपणा त्यांच्याच शिस्तीला सोडून आहे. अखिल भारतीय बार कौन्सिलच्या आचारनियमांप्रमाणे पक्षकाराकडून आलेली रक्कम फीपोटी आली की खर्चापोटी, याचा उल्लेख वकिलाच्या हिशेबात असला पाहिजे. खर्चासाठी दिलेला पैसा पक्षकाराच्या लेखी संमतीवाचून फीकडे वळवता येत नाही. आणि नकलेचा खर्च दिल्यास पक्षकाराने मागताच हिशेबाची प्रत द्यावी लागते. नियम असा स्वच्छ असताना तो न मागणारा पक्षकार आणि न सांगणारा वकील, दोघेही त्याला कागदावरच ठेवतात. अर्जनवीसाला तर हे नियम लागूही नाहीत.

शोधाची किंमत

येथे एका उलट्या गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. फी म्हणजे निव्वळ लुबाडणूक, दोन पानांच्या टंकलेखनाला एवढे पैसे कशाला, अशी कुरकुर जिल्ह्याच्या कोणत्याही न्यायालयाच्या आवारात ऐकू येते. दस्त लिहिणे आणि मालकीचा शोध घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या कुरकुरीत विसरले जाते. लिहिण्याच्या कामाला ठरीव नमुना पुरतो. शोधाच्या कामाला डोके लागते, आणि वऱ्हाडात ते अंमळ अधिकच लागते.

एखाद्या शेताचा तीस वर्षांमागचा इतिहास पाहायचा म्हटला तर सातबारा आणि फेरफार यांवर काम भागते असे नाही. त्यामागे १९५० च्या दशकातला अधिकार अभिलेख आणि पेरेपत्रके येतात. महसुलाचा कायदाच या मुलखाने तीनदा बदललेला पाहिला: वऱ्हाडची १९२८ ची संहिता, मग मध्य प्रदेशची १९५४ ची, मग महाराष्ट्राची १९६६ ची. कुळकायदाही विदर्भाचा स्वतंत्र, १९५८ चा. त्यान्वये कुळाला मिळालेली जमीन विकण्यावर बंधने आहेत आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास मज्जाव आहे. एखादे शेत भूदानातले निघते आणि १९५३ चा मध्य प्रदेशचा भूदान कायदा आडवा येतो. कमाल धारणेच्या कायद्याखाली वाटप झालेली जमीन असते, भोगवटादार वर्ग दोनचा शेरा असतो. मेळघाटच्या पायथ्याशी आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेचे ३६-अ कलम पाहावे लागते. अमरावती-अकोल्याच्या जुन्या वस्तीत घर घ्यायचे तर जागा नझुलाच्या पट्ट्यावर आहे काय, पट्ट्याच्या अटी काय आणि मुदत कधी संपली, हे आखीव पत्रिकेशी ताडून घ्यावे लागते. अमरावती महानगरपालिका १९८३ ची, अकोल्याची २००१ ची. शहरे शेतांवर पसरली त्या वर्षांत अकृषक परवान्याविना पाडलेले भूखंडही किती हातांतून फिरले असतील, याचा अंदाज कोणाही रहिवाशाला करता येईल.

हे सारे पाहून, सूची क्रमांक दोनमधल्या नोंदी वाचून, वारसांची नावे जुळवून जो वकील आपल्या सहीचा शोध अहवाल देतो, त्याची फी चांगली असली तर ती असू द्यावी. ती जबाबदारीची किंमत आहे. हलगर्जीपणाबद्दल वकिलावर नुकसानभरपाईचा दावा चालतो, हे १९२६ च्या त्याच कायद्यात आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली एम. वीरप्पा यांच्या प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केले. पण जबाबदारी सहीला असते. “कागद पाहिले, बरोबर आहेत,” या तोंडी शब्दाला ती चिकटत नाही, आणि उक्त्या सौद्यात शोध बहुधा एवढ्याच शब्दांत आटोपतो.

त्यातही एक भ्रम घातक आहे. सरकारने लाखो रुपये शुल्क घेतले, अंगठा घेतला, छायाचित्र काढले, म्हणजे सरकारने मालकी तपासली, असे पुष्कळ सुशिक्षितही समजतात. नोंदणी होते ती दस्ताची. विकणाऱ्याची मालकी तपासणे हे निबंधकाचे काम नव्हे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली तमिळनाडूच्या के. गोपी प्रकरणात पुन्हा मांडली आणि मालकीचा पुरावा मागणारा तेथील नियम रद्दबातल ठरवला. तात्पर्य, खरेदीदार सर्वांत मोठी रक्कम जेथे भरतो तेथे मालकीची हमी नाही. ती थोडीफार मिळते वकिलाच्या शोधातून, आणि घासाघीस नेमकी त्याच रकमेवर होते.

याच घासाघिशीतून स्वस्त वाटा सुचवल्या जातात. खरेदीखत नको, मुखत्यारपत्र करून घ्या. इसारचिठ्ठी, ताबापावती आणि मुखत्यारपत्र मिळून सर्व होते. मुद्रांकही वाचतो आणि फीही. मुखत्यारपत्राच्या अशा विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्ध सांगितले आहे. वाचवलेल्या फीच्या कित्येक पट रक्कम पुढे दाव्यात जाते, आणि ती देण्याची पाळी पुष्कळदा मुलांवर येते.

हिशेब न मागण्याची एक अडचण खुद्द पक्षकाराची आहे. व्यवहाराची खरी किंमत एक आणि दस्तातली दुसरी असेल, तर पावती मागण्याचे धैर्य त्याला कोठून येणार? आयकर कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये आणि त्यावरील रक्कम रोखीने घेण्यास बंदी आली. तरी रोखीची सवय सुटलेली नाही. जो किंमत लपवतो तो लिहिणाऱ्याला आपल्या गुपिताचा भागीदार करून घेतो, आणि भागीदाराकडे बिल मागता येत नाही. ‘ऑफिस खर्च’ या सोज्वळ नावाने घेतल्या जाणाऱ्या रकमेचेही तसेच. ती कोणाकडे पोचते की मधेच राहते, हे देणाऱ्याला कधीच समजत नाही. पण लाचलुचपतीच्या कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने द्यावी लागल्यास सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्यालाच त्यातून सुटका आहे.

तक्रार कोठे?

रक्कम अवाजवी वाटली तर मार्ग कोणते? २०२४ च्या मे महिन्यापर्यंत पुष्कळांच्या मनात ग्राहक मंच हे पहिले नाव येत असे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. गांधी प्रकरणात वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर असल्याचा निर्णय दिला आणि ते दार वकिलांपुरते बंद झाले. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते, तीवर शिस्तपालन समिती चौकशी करते; मात्र ते ठिकाण शिक्षेचे आहे, जास्तीची फी परत मिळवण्यासाठी ते पुरे पडत नाही. फीच्या रकमेचा वाद हा अखेर कराराचा वाद, म्हणून दिवाणी न्यायालयाचा. थोड्या हजारांसाठी दिवाणी दावा करावा असे कोणी सुचवणार नाही. त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीचा अर्ज देणे शहाणपणाचे. ही प्राधिकरणे अमरावती आणि अकोला या दोन्ही ठिकाणी आहेत. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना तेथे विनामूल्य विधी साहाय्याचा हक्कही आहे. लोकअदालतीत झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकुमासारखी अंमलात येते.

फीच्या वादात कागद अडवून ठेवणे हा आणखी एक प्रकार. आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद रोखून धरता येत नाहीत. नोंदलेल्या मूळ खरेदीखताबाबत तर कायदा अधिक सोपा आहे. दस्त दाखल होताच निबंधकाने पावती द्यायची असते, आणि नोंदणी पुरी झाल्यावर दस्त दाखल करणाऱ्याला, किंवा त्याने त्या पावतीवर लेखी नेमलेल्या माणसाला, परत करायचा असतो. पावतीवर दुसऱ्याचे नाव लिहून सही केली, की मूळ दस्त त्याच्या कपाटात गेला. ती सही न करणे एवढी खबरदारी खरेदीदाराच्या हातात आहे.

घाईचे कारण पुढे करून हिशेब टाळला जातो, तेही तपासून पाहावे. “आजच नोंदले पाहिजे” हे वाक्य विकणाऱ्याच्या किंवा मध्यस्थाच्या सोयीचे असू शकते. कायद्याने दस्तावर सह्या झाल्यापासून नोंदणीसाठी चार महिने दिले आहेत. शोध, मसुदा, नोंदणीची हजेरी आणि सरकारी शुल्क अशा चार ओळी कोऱ्या कागदावर लिहून त्यापुढे आकडे मागायला एक दिवस पुरतो. ज्या वकिलाला आपल्या कामाचा विश्वास आहे तो ते आकडे लिहून देईल, आणि चारांतला शोधाचा आकडा सर्वांत मोठा असेल. तसा तो असावाही.

अमरावती आणि अकोल्याच्या वकील संघांनी, आणि अर्जनवीसांनीही, आपल्या दरांचे साधे पत्रक निबंधक कार्यालयाबाहेर लावायला हरकत कोणती? कौशल्याला दर लावता येत नाही, असा आक्षेप निघेल आणि तो खोटाही नाही. गुंतागुंतीच्या वारसाहक्काचे शेत आणि नव्या इमारतीतली सदनिका यांचा शोध एका दरात होणार नाही. पण पत्रकात ‘पासून’ हा शब्द लिहिता येतो. सरकारचा तक्ता आतल्या भिंतीवर आणि खाजगी तक्ता कोठेच नाही, ही १९०८ पासूनची तफावत भरून काढायला नवा कायदाही लागत नाही.

राहता राहिला विकणारा. त्याचा विचार या विषयात फारसा होत नाही, कारण मुद्रांकाचा भार, उलट करार नसेल तर, कायद्यानेच खरेदीदारावर आहे आणि लिहिणावळही रूढीने तोच देतो. म्हणून लिहिणारा दोघांचा समजला जातो, आणि असतो पैसे देणाऱ्याचा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने विकणाऱ्यावर मालकीचे कागद तपासणीसाठी दाखवण्याचे आणि ठाऊक असलेले दोष सांगण्याचे कर्तव्य टाकले आहे. त्याची किंमत मसुद्यातल्या हमीच्या कलमांत मोजली जाते, आणि ती कलमे विकणारा बहुधा वाचत नाही. दर्यापूर किंवा बाळापूर तालुक्यातला शेतकरी कर्ज फेडण्यासाठी दोन एकर विकतो, तेव्हा पीककर्जाचा बोजा कमी करण्याचा आणि फेरफाराचा म्हणून आणखी काही खर्च त्याच्याकडून वेगळा मागितला जातो. नोंदणीकृत खरेदीची खबर निबंधकाकडून तलाठ्याकडे जावी आणि त्यावरून फेरफार व्हावा, ही व्यवस्था जमीन महसूल संहितेतच आहे. त्या कामासाठी त्याने कोणाला काही देण्यापूर्वी पावती कोणाच्या नावाची मिळणार, हे विचारावे.